उंबरठा आणि घर : 'अरुणोदय' व 'स्मृतिचित्रे' यांविषयी काही विचार

मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रे कोणती, असा प्रश्न कोणत्याही साहित्यप्रेमी मंडळीत टाकला, तर पहिल्या दोनतीन नावांत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे नाव हटकून येते. याविषयी मतभेद जवळजवळ नाही. परंतु ज्या ग्रंथाविषयी मतभेद नाही त्याची एक अडचण असते. त्याची स्तुती पाठ होते आणि वाचन थांबते. 'स्मृतिचित्रां'ची स्तुती अशीच ठरून गेली आहे. भाषा घरगुती, विनोद निर्मळ, निवेदन प्रांजळ, पती विक्षिप्त आणि पत्नी खंबीर. या पाचही गोष्टी खऱ्या आहेत. पण ज्या घटनेने या बाईंचे आयुष्य मध्येच दुभंगले आणि पुन्हा सांधले गेले, तिचे काय? १९०० साली लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती श्रद्धेचा स्वीकार केला, १९३६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या त्या श्रद्धेत जगल्या, आणि त्या श्रद्धेच्या घरात बसूनच त्यांनी हा ग्रंथ लिहिला. आमची समीक्षा ही गोष्ट एका वाक्यात उरकते आणि लगबगीने विनोदाकडे वळते.

इतरांचा दोष सांगण्यापूर्वी आमचा सांगणे उचित होईल. तीस वर्षांपूर्वी आम्ही अध्यापनाच्या व्यवसायात नवे होतो. नववीच्या वर्गास शनिवारच्या शेवटच्या तासाला पूरक वाचन म्हणून आम्ही 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवीत असू. वर्ग पोट धरून हसे. बाजाराला दिलेले पैसे भलत्याच ठिकाणी खर्चून येणारे टिळक मुलांना फार आवडत. वाचता वाचता धर्मांतराचा भाग जवळ आला, तेव्हा आम्ही पंचवीसतीस पाने उलटली आणि पुढून वाचू लागलो. तसे करावयास आम्हांस कोणी सांगितले नव्हते. कोणाची हरकतही आली नव्हती. 'नसता वाद नको' हा विचार सर्वस्वी आमचा होता. वर्गात एक ख्रिस्ती विद्यार्थिनी होती. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, मधली पानं का नाही वाचलीत? आमच्या घरी तर तेवढीच वाचतात." आम्ही उत्तर दिले, "वेळ पुरत नाही." हे उत्तर खोटे होते, आणि ते खोटे आहे हे तिलाही समजले असावे.

तिच्या प्रश्नातील पहिले वाक्य आम्हांस त्या दिवशी बोचले. दुसऱ्या वाक्याचा अर्थ कळण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. आम्ही ती पाने वगळून वाचत होतो आणि तिच्या घरी ती तेवढीच वाचली जात होती. एकाच ग्रंथाचे दोन तुकडे दोन घरांत नांदत होते. ज्या बाईंनी आपले जुने घर व नवे घर एकाच पदराखाली सांभाळले, त्यांच्या ग्रंथाची आम्ही वाचकांनीच अशी वाटणी केली होती. ती वाटणी साहित्यदृष्ट्या चूक आहे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे. ते सांगण्यासाठी 'स्मृतिचित्रां'शेजारी याच अनुभवावरचा एक जुना मराठी ग्रंथ ठेवून पाहणे उपयोगी पडेल. तो ग्रंथ म्हणजे बाबा पदमनजींचा 'अरुणोदय'. आम्हां बेळगावकरांना तो जवळचा वाटावा यास कारण आहे. त्याचा कर्ता आमच्याच गावचा.

या दोहोंच्या मागे एक तिसरा ग्रंथ उभा आहे, त्याचे स्मरण आधी करावयास हवे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ साष्टीतील नवख्रिस्त्यांसाठी रचला गेला. ज्यांची जुनी पुराणे गेली होती त्यांस वाचावयास व ऐकावयास काही हवे होते. त्यांस नव्या धर्माची कथा जुन्या पुराणाच्या वळणाने मिळाली. मराठी भाषेचा गौरव करणारा त्यातील भाग आमच्या सर्व व्याख्यात्यांस मुखोद्गत असतो. त्या गौरवाच्या भरात हे विसरता कामा नये की, त्याच साष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. त्या लोकांपैकी कोण मनाने नव्या श्रद्धेत शिरला, कोण भीतीने आणि कोण जमिनीच्या तुकड्यासाठी, हे 'क्रिस्तपुराण' सांगत नाही; सांगूही शकत नाही. तेथे बोलतो तो गुरू. जे उंबरठा ओलांडून आत आले त्यांचा स्वतःचा आवाज मराठीत ऐकू येण्यास आणखी अडीचशे वर्षे लागली, आणि तो उमटला तो सक्ती सरून निवडीचा काळ आल्यावर. म्हणून पदमनजींचे महत्त्व.

बाबा पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. आरंभीचे इंग्रजी शिक्षण त्यांनी येथील मिशनच्या शाळेत घेतले व पुढचे मुंबईस फ्री चर्चच्या शाळेत. मुंबईत ते परमहंस मंडळीत होते. जातिभेद मोडावा, पण तो गुपचूप मोडावा, अशी त्या मंडळीची रीत होती. गुप्तपणे एकत्र जेवावयाचे आणि घरी येऊन पुन्हा पंगतीत आपल्या जागी बसावयाचे, हा दुटप्पीपणा त्या काळच्या अनेक बुद्धिमान तरुणांनी सोसला; पदमनजींस तो फार दिवस सोसवला नाही. सप्टेंबर १८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनी 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. त्यास मराठीतील पहिली कादंबरी म्हणण्याचा प्रघात आहे. पुढे त्यांनी 'शब्दरत्नावली' रचली आणि मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. म्हणजे धर्म बदललेल्या या माणसाने मराठी शब्दांची राखण मात्र आमच्यापैकी पुष्कळांहून अधिक निष्ठेने केली.

'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातील. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि ती केवळ कालक्रमाने नव्हे. एका धर्मशील हिंदू कुटुंबातील मुलाचे बालपण, व्रतवैकल्ये, सण, देवदर्शने, शाळा, पुस्तके, मित्रांशी वाद, मनातील शंका, हे सर्व त्यांनी कमालीच्या स्वच्छ गद्यात मांडले आहे. पदमनजींची बुद्धी वकिलाची आहे. एक शंका घेतात, तिचा निकाल लावतात आणि मगच दुसरीकडे वळतात. विचारांची अशी शिस्त त्या काळच्या मराठी गद्यात विरळा होती.

पण ग्रंथाच्या नावातच त्याची मर्यादा आहे. अरुणोदय म्हटले की त्याच्या आधी रात्र असणे भाग पडते. एकदा ही उपमा स्वीकारली की आईबापांची भक्ती, घरातील देवघर, गावातील देवळे, सगळ्यांवर काळोखाचा रंग चढवावा लागतो. जे सांगावयाचे ते पुरावा म्हणून सांगावे लागते. गंमत अशी की, लेखकाची नजर त्याच्या उपमेहून प्रामाणिक आहे. लहानपणाच्या सणावारांचे वर्णन करताना त्यांचा हात किंचित रेंगाळतो असे आम्हांस वाटते. पण लगेच त्यांस कर्तव्याची आठवण होते आणि ते पुन्हा वादाच्या वाटेवर येतात. ग्रंथाचा सारा ओघ बाप्तिस्म्याकडे धावतो आणि तेथे पोचला की त्याचे प्रयोजन संपते. पदमनजी १९०६ साली वारले. म्हणजे ज्या नव्या ऋतूत ते बावन्न वर्षे जगले, तो ऋतू त्यांच्या आत्मचरित्रात नाहीच. आहे ती त्याची पहाट.

याबद्दल पदमनजींस दोष देणे अन्यायाचे होईल. १८५४ साली धर्म सोडणाऱ्या माणसास सर्वप्रथम स्वतःचा बचाव करावा लागे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. पण कायदा शेतातला वाटा देऊ शकतो, पंगतीतला पाट देऊ शकत नाही. ज्याचा पाट उचलला गेला तो आयुष्यभर 'मी उठलो ते का उठलो' हेच सांगत राहतो. 'अरुणोदय' हे असे उंबरठ्यावर उभे राहून, मागे वळून, घरातल्या माणसांस दिलेले उत्तर आहे. ते उत्तर सडेतोड आहे, सभ्य आहे. पण उंबरठ्यावर कोणी संसार मांडीत नाही.

संसार मांडला तो लक्ष्मीबाईंनी. दोन ग्रंथांतील खरा फरक येथून सुरू होतो. पदमनजींनी नवा ऋतू निवडला. लक्ष्मीबाईंवर तो कोसळला. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने चालले असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. टिळकांपाशी पांडित्य होते, काव्य होते, देशाविषयीची तळमळ होती. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची भावना होती. लक्ष्मीबाईंपाशी यातले काही नव्हते. त्यांच्यापाशी लहान मूल होते, नातेवाइकांची दया होती आणि नवरा जिवंत असता आलेले एकाकीपण होते. पुढची चारपाच वर्षे त्यांनी तशीच काढली. ज्याने घर मोडले त्या धर्माविषयी त्यांस प्रेम वाटावे असे काहीही घडलेले नव्हते.

मग ही बाई त्या धर्मात शिरली कशी? आम्ही वर्गात जी पाने उलटली त्यांत याचे उत्तर आहे, आणि ते उत्तर तत्त्वचर्चेत नाही. लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरास परत आल्या त्या पत्नी म्हणून. ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. नवऱ्याच्या घराशेजारी बायकोची वेगळी चूल, हे या ग्रंथातील सर्वांत बोलके चित्र होय. त्या वेगळ्या चुलीपाशी बसूनच पुढे त्यांच्या मनात प्रश्न उठला की ही शिवाशिव कोणी निर्माण केली, देवाने की माणसाने? प्रश्न एकदा उठल्यावर उत्तर यावयास वेळ लागला नाही. जातिभेदाची कल्पना गळून पडली, कोणाच्याही हातचे खाणेपिणे सुरू झाले, आणि बाप्तिस्मा आला तो त्यानंतर. हा क्रम समीक्षकांनी नीट ध्यानात घ्यावा. पदमनजींच्या बाबतीत आधी सिद्धांत बदलला व मग पंगत सुटली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी पाण्याचा घडा बदलला आणि श्रद्धा त्या घड्यातून आली.

आता ग्रंथाच्या आरंभीचा एक भाग आठवावा. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या अतिरेकाने पछाडलेले होते. त्या अतिरेकाने सारे घर कसे जेरीस आले होते, याचे वर्णन त्यांनी केले आहे. वर्गात आम्ही ते विनोदी उतारा म्हणून वाचीत असू, आणि मुले हसत. परंतु मधली पाने वाचल्यावाचून त्या उताऱ्याचा अर्थ अपुराच राहतो. पाण्याच्या भीतीत वाढलेली मुलगी पाण्याच्या भीतीतून मोकळी झाली, ही या आत्मचरित्राची मूळ रेषा आहे. वडिलांचे सोवळे हा तिचा आरंभबिंदू आणि कोणाही माणसाच्या हातचे पाणी हा तिचा शेवट. मधला बिंदू पुसून टाकला तर उरते ते एका विक्षिप्त म्हाताऱ्याचे विनोदी चित्र. आम्ही मुलांना ते चित्र दिले. रेषा दिली नाही.

दुसरी गोष्ट बाप्तिस्म्याच्या स्थानाची. 'अरुणोदया'त तो कळस आहे. 'स्मृतिचित्रां'त तो अनेक घटनांपैकी एक म्हणून येतो आणि कथा न थांबता पुढे चालते. पुढे काय आहे? दुष्काळाच्या दिवसांत व नंतरही घरात आलेली अनाथ मुले आहेत, पाहुण्यांची वर्दळ आहे, प्लेगमधली शुश्रूषा आहे, पैशाची ओढाताण आहे, नवराबायकोची भांडणे आहेत, कवितेचे वेड घेऊन घरात राहावयास आलेला तरुण बालकवी ठोमरे आहे. नव्या श्रद्धेच्या ऋतूत माणूस प्रवेश करतो म्हणजे काय करतो, याचे उत्तर या गर्दीत आहे. तो एका दिवशी शिरत नाही. रोज एक माणूस दारात येतो आणि त्यास आत घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न रोज नव्याने पडतो. लक्ष्मीबाई रोज दार उघडतात, कधी आनंदाने, कधी कुरकुरत, कधी टिळकांना चार शब्द सुनावून. ती कुरकुर त्यांनी लपविलेली नाही, म्हणून आमचा त्यांच्या श्रद्धेवर विश्वास बसतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांचे बोलणे, त्यांची उपमांची जात, हे सारे जुन्या ब्राह्मण घरातील बायकांच्या माजघरातले आहे. त्यात ख्रिस्ती असे काय? जन्माने त्या मनकर्णिका गोखले. त्यांची जीभ नाशिकाजवळच्या जलालपुरात घडली होती. धर्मांतर झाले नसते तरी त्या अशाच बोलल्या असत्या. मग शैलीचे श्रेय नव्या श्रद्धेस देणे हा ओढूनताणून लावलेला संबंध नव्हे काय?

आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस पूर्ण मान्य आहे. भाषा जुन्या घरची आहे, आणि ती तशीच राहिली हेच या ग्रंथाचे भाग्य. मिशनच्या भाषांतरित मराठीचा जो एक ठसा अनेक ख्रिस्ती लेखकांच्या गद्यावर उमटला, तो लक्ष्मीबाईंच्या वाक्यास शिवलाही नाही. पण शैली म्हणजे केवळ शब्द नव्हेत. सांगणारा आपल्या माणसांकडे कोठून पाहतो हाही शैलीचाच भाग आहे. 'स्मृतिचित्रां'त लक्ष्मीबाईंना दुखावणारी माणसे थोडी नाहीत. सोवळ्याने छळणारे वडील आहेत, तापट सासरे आहेत, टोमणे मारणारे नातलग आहेत, आणि सर्वांहून अधिक दुःख देणारा, सर्वांहून अधिक प्रिय असा नवरा आहे. यांपैकी एकही माणूस ग्रंथात खलपुरुष झालेला नाही. हिशेब सगळे मांडले आहेत. वसुली कोणाकडूनच केलेली नाही. क्षमा हा शब्द उपदेशाने येत नाही, पण प्रत्येक व्यक्तिचित्रात ती काम करीत असते. आणि ही मोकळीक एकतर्फी नाही. नव्या समाजातील माणसांच्या तऱ्हाही त्यांनी तितक्याच खेळकरपणे टिपल्या आहेत. स्वतःच्या फजितीस तर त्यांनी सर्वांत पुढची जागा दिली आहे. पदमनजींस कोणाचा तरी बचाव करावयाचा होता. लक्ष्मीबाईंस कोणाचाच करावयाचा नव्हता, स्वतःचाही नाही. ज्यास स्वतःस निर्दोष ठरविण्याची गरज उरलेली नाही त्यासच असे हसता येते. हे अभय त्यांस कोठून मिळाले हे त्यांनी सांगितले नाही; पण त्या कोणत्या घरात राहत होत्या हे आपणांस ठाऊक आहे.

याचा अर्थ ग्रंथ निर्दोष आहे असा नव्हे. चौथा भाग पुरा होण्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई वारल्या आणि तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांस पुरा करावा लागला. पहिल्या भागांची वीण तेथे सैल पडली आहे. दुसरा दोष अधिक खोल आहे. ख्रिस्त आपणांस कोण वाटला, आपली प्रार्थना कशी होती, याविषयी लक्ष्मीबाई जवळजवळ मौन पाळतात. घराची सगळी दारे त्या उघडून दाखवितात. देवघराचे दार लोटलेले राहते. कोणी यास संयम म्हणेल; आम्हांस ती थोडी उणीव वाटते. तिसरी गोष्ट आजच्या वाचकाने विचारलीच पाहिजे. अहमदनगरकडील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार व मांग कुटुंबांतून आलेला होता. शिवाशिव टाकून देण्याचे धैर्य लक्ष्मीबाईंनी दाखविले हे खरे. पण ज्यांची शिवाशिव टाळली जात होती त्यांच्यासाठी या नव्या ऋतूचा अर्थ काय होता, ते या ग्रंथात दुसऱ्याच्या नजरेतून दिसते. ब्राह्मण घरातून निघालेल्यांचे उंबरठे मराठी वाङ्मयात अमर झाले. ज्यांस उंबरठ्याशी उभेही राहू दिले जात नव्हते त्यांचा प्रवेश फारसा लिहिला गेला नाही. हा लक्ष्मीबाईंचा अपराध नव्हे, पण आमच्या वाङ्मयाची ती उणी बाजू आहे आणि शिक्षकांनी ती सांगितली पाहिजे.

आपल्याकडे आयुष्याचे ऋतू मोजण्याची पद्धत आश्रमांची आहे. टिळकांच्या उत्तरायुष्याकडे पाहिले म्हणजे ती मोजणी त्यांनी टाकलेली दिसत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्व एकत्र यावेत हा त्यामागील हेतू. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याने वयाच्या छप्पन्नाच्या सुमारास संन्याशासारखे निःसंग व्हावे, ही कल्पना त्यांस कोणत्याही परदेशी पुस्तकातून मिळालेली नव्हती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांचे निधन झाले आणि दरबार विरून गेला.

लक्ष्मीबाईंचा शेवटचा ऋतू तेथून सुरू होतो. त्या वेळी त्यांनी पन्नाशी गाठली होती. जुन्या घरी असत्या तर विधवेच्या वाट्यास आलेला कोपरा त्यांस मिळाला असता. येथे तसे झाले नाही. पुढे मुलाबरोबर त्या कराचीस जाऊन राहिल्या, आणि त्यांनी एक असे काम हाती घेतले की जे हाती घेण्यास पंडितही कचरले असते. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले होते. दहाअकरा अध्यायांपुढे ते गेले नव्हते. ज्या बाईंस शाळा ठाऊक नव्हती, ज्यांस अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, त्यांनी पुढील ६४ अध्याय रचले. ते १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. काव्य म्हणून 'ख्रिस्तायन' सर्वत्र सारखे उतरलेले नाही. पुष्कळ ठिकाणी कथा पुढे नेण्याचे कर्तव्य कवितेवर मात करते, आणि 'स्मृतिचित्रां'तील चपळ वाक्य तेथे वारंवार सापडत नाही. तरीही आमचे म्हणणे असे की, 'स्मृतिचित्रां'तील लोटलेले दार ज्यास उघडावयाचे असेल त्याने 'ख्रिस्तायना'कडे आणि 'भरली घागर' या त्यांच्या कवितासंग्रहाकडे गेले पाहिजे. गद्यात जे मौन आहे ते तेथे बोलते. ग्रंथाचे नावही पाहावे. स्टीफन्सने 'पुराण' म्हटले, टिळकांनी 'आयन' म्हटले. तीन शतकांच्या अंतराने दोघांसही नव्या कथेसाठी जुनेच भांडे हवेसे वाटले.

आता निष्कर्षाकडे वळू. श्रद्धेचा नवा ऋतू वाङ्मयात दोन रीतींनी येतो. एक रीत उत्तराची. तीत लेखक मागे सोडलेल्यांशी बोलतो. 'अरुणोदय' या रीतीचा मराठीतील उत्तम नमुना आहे आणि तो आज जितका दुर्लक्षित आहे तितका असू नये. निदान बेळगावच्या शाळांतून तरी त्याच्या कर्त्याचे नाव मुलांना ठाऊक असावे. दुसरी रीत वास्तव्याची. तीत लेखक कोणास उत्तर देत नाही, घर चालवितो, आणि ते चालविताना त्याची श्रद्धा वाचकास दिसते. 'स्मृतिचित्रे' हा या रीतीचा ग्रंथ आहे. म्हणून त्यातील विनोद एका वाचकाचा आणि धर्मांतर दुसऱ्या वाचकाचे अशी वाटणी करता येत नाही. विनोद तेवढा उचलणारा वाचक एका धीट बाईस गमतीदार बाई करून ठेवतो. धर्मांतर तेवढे उचलणारा वाचक तिला प्रचारपुस्तिकेत बसवितो. दोघेही तिला तिच्या अर्ध्या घराबाहेर काढतात. आणि तसे बाहेर काढलेले तिने आयुष्यात एकदा सोसले होतेच.

शिक्षकबंधूंस आमची विनंती एवढीच की, वर्गात उतारा निवडताना वडिलांच्या सोवळ्याचा उतारा घ्यावा आणि त्याच्या जोडीस वेगळ्या चुलीचा भाग अवश्य घ्यावा. वाद होईल या भयाने आम्ही जी पाने उलटली, त्यांत वादाचे एक अक्षर नाही. तेथे एक बाई बसली आहे आणि हे पाणी कोणी बाटविले असा विचार करते आहे. असा विचार करावयास कोणत्याही धर्माच्या मुलाला हरकत नसावी.

आमच्या निवृत्तीस आता तीन वर्षे उरली आहेत. गेल्या वर्षी मुख्याध्यापकाच्या कामातून सवड काढून नववीचा शनिवारचा शेवटचा तास आम्ही पुन्हा मागून घेतला आणि 'स्मृतिचित्रे' पहिल्या पानापासून वाचावयास घेतली. मधली पाने आली तेव्हा वर्ग हसला नाही, शांत बसला. एका मुलाने विचारले की, एवढी वर्षे वेगळी चूल ठेवून टिळक रागावले कसे नाहीत? आम्ही म्हटले, याचे उत्तर पुढच्या शनिवारी. या वेळी ते टाळण्यासाठी म्हटले नव्हते. घंटा खरोखरच झाली होती. जिने तीस वर्षांपूर्वी तो प्रश्न विचारला, ती मुलगी आज कोठे आहे आम्हांस माहीत नाही. तिला द्यावयाचे उत्तर आम्ही हल्ली त्या तासाला देत असतो.